अण्णांनी सख्ख्या भावाला बसवलं ती फायनल

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," अण्णांनी जाहीर केलं, आणि टेबलाभोवतीच्या पाच जणांपैकी एकानंही मान वर केली नाही.

यात नवल काहीच नव्हतं. सव्वीस वर्षं व्यावसायिक संघांचे बास्केटबॉल कोच म्हणून काढलेल्या या माणसानं घरच्यांना आजवर बरंच काही पचवायला लावलं होतं. त्यांचा एक सेंटर म्हणे इतका उंच होता, की संघाच्या बसमध्ये त्याला टपाची झडप उघडून मुंडकं बाहेर काढून बसावं लागायचं, आणि बोगदा आला की ड्रायव्हर आधी त्याला हाक द्यायचा. एकदा रिंग वाकडी आहे हे अण्णांनी नुसत्या चेंडूच्या आवाजावरून ओळखलं होतं, तेही शेजारच्या हॉलमध्ये चहा पिताना. क्लबनं त्यांना तीनदा काढून टाकलं. पैकी दोनदा ते दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला शिट्टी गळ्यात घालून सरावाला हजर झाले, आणि कुणाला काही बोलायचा धीर झाला नाही. या शेवटच्या गोष्टीतलं निम्मं खरं होतं. कुठलं निम्मं, ते आता अण्णांनाही नक्की सांगता आलं नसतं.

"अण्णा, गोष्ट नंतर," लेक म्हणाली. "मला पाचपर्यंत यादी पाठवायची आहे."

लेक आता त्याच क्लबची कोच होती. दुसरंच वर्ष. उद्या लीगचा निर्णायक सामना होता आणि तिच्यासमोर खेळाडूंच्या यादीचा छापील कागद पडला होता. अकरा ओळी तिच्या ताठ अक्षरात भरलेल्या. बारावी कोरी. त्या एका कोऱ्या ओळीसाठी घरातले सगळे जेवण उरकून तासभर तिथंच बसले होते.

बाराव्या ओळीवर ज्याचं नाव असायला हवं होतं, तो समोरच बसला होता. अण्णांच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याला सगळे उंट्या म्हणत. पाय टेबलाखाली मावत नसल्यामुळे तो खुर्ची आडवी लावून बसे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते पाय ओलांडून जायचं, अशी घराला सवयच झाली होती. मंगळवारच्या सरावाला उंट्या अठरा मिनिटं उशिरा उगवला होता. का, म्हणून विचारल्यावर म्हणाला, झोप लागली. खोटं बोलायची कला या घराण्यात एकाच शाखेकडे गेली होती, आणि ती त्याची नव्हती.

"अठरा मिनिटं!" काकू म्हणाली. काकू म्हणजे उंट्याची आई. "अठरा मिनिटांत माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या होत नाहीत. तेवढ्यासाठी पोराचं वर्ष घालवणार तू?"

"काकू, प्रश्न मिनिटांचा नाहीये. बुधवारी पेपरवाल्यानं मला विचारलं, घरचा खेळाडू उशिरा आला तर काय कराल? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी फायनलला सख्ख्या भावाला बसवलं होतं, मी चुलत भावाला बसवीन. छापून आलंय ते. फोटोसकट."

"छापून आलेलं सगळं खरं करत सुटायचं का? मग भाऊजींबद्दल काय काय छापून आलंय, ते आधी खरं करा."

"माझ्याबद्दल आलेलं सगळं खरं आहे," अण्णा म्हणाले. कुणी दखल घेतली नाही.

"मी पुरुषांच्या संघाची कोच, त्यात बाई, त्यात अण्णांची मुलगी," लेक बोटांवर मोजत म्हणाली. "उद्या ह्याला उतरवला तर गावभर होईल, घरचा कारभार आहे म्हणून. मला पुढचं वर्ष दिसणार नाही."

"आणि ह्याला? उद्या राष्ट्रीय निवड समितीची माणसं येतायत. उद्या नाही दिसला, तर ह्याला बघायला पुन्हा कोण येतंय?"

"आई, पुरे," उंट्या म्हणाला. मग लेकीकडे वळून, "ताई, मी चुकलो—"

"कोच. यादीचं बोलताना कोच म्हणायचं. ताई जेवताना."

"कोच, मी चुकलो. पण त्या दिवशी वीस फेऱ्या मारल्या ना मी? तुम्ही मोजल्यात. शिक्षा झाली ना एकदा?"

लेकीनं पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. वीस फेऱ्या तिनंच मोजल्या होत्या. तिला त्या पुरल्याही होत्या. बुधवारी तिनं तोंड उघडलं नसतं तर हे सगळं मंगळवारीच संपलं असतं.

एवढा वेळ गप्प होता तो धाकटा. अण्णांचा भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर दोन मजल्यांच्या मधे एकट्यानं राहून त्याला न बोलण्याचा सराव झाला होता. तो म्हणाला, "बसव त्याला."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"बसव गं. मला दादानं बसवलं होतं. मी मेलो का?"

"बाबा, तुम्हीसुद्धा?" उंट्यानं पाय आखडून घेतले, त्यासरशी टेबल हललं.

"मेला नाहीत," काकू म्हणाली, आणि आता तिचा मोर्चा पुतणीकडून नवऱ्याकडे वळला. "पण एकतीस वर्षांत चेंडूला हात लावला नाहीत. टीव्हीवर मॅच लागली की बाल्कनीत जाऊन उभे राहता. पोराचा एकही सामना हॉलमध्ये बसून पाहिला नाहीत तुम्ही. आणि वर म्हणता, मेलो का!"

धाकटा हसला. "नियम तो नियम. दादाचं काही चुकलं नव्हतं. उशिरा मी आलो होतो."

अण्णांचा घसा एकाएकी कोरडा पडला. गोष्ट सांगून सांगून पडायचा तो वेगळा. हा सांगायच्या आधीच पडला. पाणी पिऊन येतो म्हणत ते उठले, उंट्याचे पाय ओलांडून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसतेच उभे राहिले.

मागोमाग आत्या आली. ती अण्णांची बहीण, भावंडांत सगळ्यांत धाकटी. लेकीची आत्या म्हणून घरात सगळेच तिला आत्या म्हणत, अण्णासुद्धा. तिनं बत्तीस वर्षं सामन्यांचं गुणपत्रक लिहिलं होतं. किती बास्केट, कुणाचा कितवा फाउल, कुणी कधी टाइमआउट घेतला. या शहरात तिच्या वहीत नाही ते घडलंच नाही, असं पंचसुद्धा मानत.

तिनं नळ बंद केला. "सांग तिला."

"काय?"

"दादा, माझ्यासमोर नको. त्या फायनलला तुझ्यासमोरच्या टेबलाला बसून पत्रक मीच लिहीत होते. तुझ्या हातची यादी माझ्याच हातात आली होती. नऊ नावं."

त्या काळी संघाच्या जर्सी घरीच धुतल्या जायच्या आणि अण्णांची एक खोड होती, सामन्याच्या सकाळी वाळत घातलेल्या जर्सी बघून यादी लिहायची. दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आकडा आणि नाव, आकडा आणि नाव. डोक्यात सामना चालू असायचा, हात आपोआप लिहायचा. त्या सकाळी दोरीवर नऊच जर्सी होत्या. दहावी आत्याच्या मांडीवर होती. काखेत उसवली होती म्हणून ती टाके घालत बसली होती. सात नंबरची. धाकट्याची.

"तू ती जर्सी मागितली असतीस तर दाखवली असती," आत्या म्हणाली. हे वाक्य तिनं एकतीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं होतं, पण ते वापरून गुळगुळीत झाल्यासारखं बाहेर आलं. "एकदा दिलेल्या यादीत नाव घालता येत नाही. मी एकोणीस वर्षांची होते. तुझ्याकडे बघितलं तर तू पांढराफटक. मग तू उठून त्याच्याकडे गेलास आणि म्हणालास, मंगळवारी अकरा मिनिटं उशिरा आलास, आज खेळायचं नाही."

"तेवढंच सुचलं."

"तेवढंच सुचलं, आणि त्याच्यावर नोकरी लागली. सख्ख्या भावाला बसवणारा शिस्तीचा माणूस म्हणून क्लबनं तुला उचललं. लागली, बरं झालं. मी कधी काही बोलले? पण आता ती पोरगी तुझ्या विसराळूपणाची शिक्षा त्या उंट्याला द्यायला निघालीये. पाचला दहा कमी असेपर्यंत वाट बघते. मग मी सांगते."

"तू सांगू नकोस," अण्णा म्हणाले. "मी सांगतो."

आणि त्यांना खरंच सांगायचं होतं, हे इथं नमूद करायला हवं. स्वयंपाकघर ते टेबल ही बारा पावलं त्यांनी पूर्ण तयारीनं टाकली. 'पोरांनो, मी विसरलो होतो.' चार शब्द. खुर्चीत बसले, घसा साफ केला, आणि तोंड उघडल्यावर ते तोंड आपल्या रोजच्या वाटेनं चालू लागलं.

"त्या दिवशी हॉलमध्ये एवढी गर्दी," अण्णा म्हणाले, "की वरच्या गॅलरीतली दोन पोरं मधल्या सुट्टीपर्यंत रिंगवरच बसली होती. चेंडू त्यांना चुकवून टाकावा लागत होता."

"अण्णा, पाठ आहे," लेक म्हणाली.

"सामन्याला दहा मिनिटं. मी ह्याला बोलावलं. हा आमचा सगळ्यांत चांगला खेळाडू बरं का! ह्यानं नेम धरला की रिंगच थोडी पुढं यायची. त्याला म्हटलं, तू अकरा मिनिटं उशिरा आला होतास. आज नाही. वर जाऊन उभा राहा. हा हूं की चूं न करता गेला. आणि आपण एका गुणानं जिंकलो. समोरचा कोच येऊन म्हणाला, साहेब, तुम्ही माणूस नव्हे, घड्याळ आहात."

इथं गोष्ट संपायची. गेली एकतीस वर्षं इथंच संपायची. पुढं टाळ्या, नाहीतर चहा. लेकीनं कागद पुढं ओढला. आत्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं: साडेचार वाजून गेले होते. उंट्या आपल्या गुडघ्याकडे बघत होता, जणू आता तो गुडघा त्याच्या काही कामाचा उरला नव्हता.

अण्णांनी त्या गुडघ्याकडे बघितलं. भावाकडे बघायचं त्यांच्यानं झालं नाही. चार शब्द काही केल्या जिभेवर येईनात. पण त्या दिवसाचा एक तुकडा होता, जो त्यांनी कधीच कुणाला सांगितला नव्हता. खोटा नव्हता म्हणूनच. कुठल्याही शहाण्या माणसानं तो ऐकला असता तर पुढचा प्रश्न विचारला असता.

"अजून संपलं नाही," अण्णा म्हणाले. "जिंकलो, पण कसे? उत्तरार्धात पंचानं शिट्टीचा नुसता पाऊस पाडला. आमचे तिघे पाच-पाच फाउल होऊन बाहेर. एकाचा घोटा मुरगळला, त्याला उचलून नेला. एकाच्या नाकावर कोपर बसलं, रक्त थांबेना. नऊमधले पाच गेले."

लेकीनं मान वर केली. "मग?"

"मग काय? शेवटची अडीच मिनिटं आम्ही चौघंच खेळलो. पाचांविरुद्ध चार."

"काहीतरीच," काकू म्हणाली.

"अगदी खरं आहे," आत्या म्हणाली. "चौघंच होते. पत्रकात आहे."

लेकीनं टोपण टेबलावर ठेवलं. "कोर्टावर चौघं, आणि काका वर धडधाकट उभे?"

"जाळीला धरून," धाकटा हळूच म्हणाला. "मला सगळं दिसत होतं."

"अहो, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," काकू म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता.

"काय सांगू? उशिरा आलो म्हणून बसवलं, हे सांगता येतं. चौघंच उरले तरी भावाला मी नको होतो, हे कसं सांगायचं?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टुंग टुंग आवाज येत राहिला. अण्णांनी टेबलावरचा चमचा उचलला आणि जिथून उचलला तिथंच ठेवला. ही बाजू त्यांच्या कधी ध्यानातच आली नव्हती. आपली चूक लपली, एवढंच ते बघत आले होते. वर जाळीला धरून उभ्या असलेल्या माणसानं त्या अडीच मिनिटांचा काय अर्थ लावला असेल, हे तपासायला ते एकदाही वर चढले नव्हते.

लेक आता मुलगी राहिली नव्हती. ती कोच झाली होती आणि कोचसारखी विचारत होती.

"टाइमआउट शिल्लक होता?"

"एक होता."

"घेतलात?"

"घेतला."

"त्या मिनिटात काय केलंत?"

"चौघांचा चौकोन लावला रिंगखाली. म्हटलं, बाहेरून मारू देत, आत कुणी आला नाही पाहिजे."

"वर बघितलंत?"

"नाही."

"का?"

"शब्द म्हणजे शब्द," अण्णा म्हणाले. आयुष्यात त्यांनी हजार थापा मारल्या होत्या; इतकी लंगडी कुठलीच नव्हती.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. हरायची वेळ आली तेव्हा तिचे वडील काय काय करत, हे तिनं लहानपणापासून बेंचमागे बसून पाहिलं होतं. बुटाची नाडी सुटली म्हणून सामना थांबवणं. चेंडूत हवा कमी आहे म्हणून चेंडू बदलायला लावणं. एकदा तर संघाच्या मालिशवाल्याला जर्सी घालून बसवलं होतं, नुसतं समोरच्यांना वाटावं की अजून एक आहे म्हणून. ह्या माणसानं शब्दासाठी चौघांनाच खेळवलं? तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. तिनं पेन उचललं आणि बाराव्या ओळीवर, वरच्या अकरांसारख्याच ताठ अक्षरात, नाव लिहिलं.

उंट्याला ते उलटं वाचायला क्षणभर लागलं. "ताई?"

"कोच," ती म्हणाली. "उद्या चार वाजता हॉलवर. सव्वातीनला आलास तरी चालेल."

"पेपरवाल्याला काय सांगशील?" काकूनं विचारलं. विजय मिळाल्यावर तिला लेकीची काळजी वाटायला लागली होती.

"सांगीन, वीस फेऱ्या मारून घेतल्या. नावं ठेवायची तर ठेवा. माझ्या खेळाडूची चूक होती अठरा मिनिटांची."

आता खरं तर अण्णांनी गप्प बसायचं. काम झालं होतं. पोरगं खेळणार होतं, लेकीला कळलं होतं आणि ती बोलणार नव्हती, आत्यानं घड्याळावरची नजर काढली होती. कुठल्याही सामन्यात ते इथं चेंडू घट्ट धरून वेळ संपायची वाट बघत उभे राहिले असते. पण लेकीनं आपल्याला सावरून घेतलं, हेच त्यांना सोसेना. एवढं मोठं तत्त्व सांगावं आणि पोरीनं त्याच्या नाकावर टिच्चून नाव लिहावं!

"अगं, लिहितेस काय? मी काय सांगतोय आणि तू काय करतेयस? एकेक गडी गळत गेला, नवाचे चार झाले, तरी मी डगमगलो नाही. का? कारण आदल्या रात्रीच—"

"दादा, थांब," धाकटा म्हणाला.

तो उठला नव्हता, पण त्याची पाठ खुर्चीवरून सुटली होती. बिघडलेल्या लिफ्टचा आवाज ऐकताना तो जसा एकीकडे मान कलती करायचा, तशी त्यानं केली होती.

"नऊ कुठले? आम्ही दहा होतो."

"तुला वगळून नऊ."

"मला तू वगळलंस सामन्याला दहा मिनिटं असताना. तेव्हा यादी जायची तासभर आधी. म्हणजे तिच्यात दहा नावं हवीत." तो एकेक शब्द खाली ठेवत होता. "आत्या, किती होती गं?"

आत्या अण्णांकडे बघत होती. "मला काय विचारतोस? त्यानं लिहिली, त्याला विचार."

"नऊ," अण्णा म्हणाले. "कारण मी आधीच ठरवलं होतं. मनाशी. आदल्या रात्री. तुला फक्त उशिरा सांगितलं, तुझी झोप मोडू नये म्हणून."

धाकट्यानं भावाकडे नीट बघितलं. मग तो हसायला लागला. आधी नुसते खांदे, मग आवाज. काकू घाबरून उभी राहिली, कारण लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी हा आवाज तिनं ऐकलेला नव्हता. डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसत त्यानं टेबलावर थाप मारली.

"खोटं!" तो म्हणाला. "दादा, साफ खोटं! तू मला बसवलंच नव्हतंस. गाढवा, तू माझं नाव लिहायला विसरलास!"